वापरातली भिंत

परवाना आला तेव्हा पद्मिनी दम्मामच्या ऑफिसात डबा उघडून बसली होती. फोनवर नगरपालिकेचा संदेश उमटला आणि हातातला पोळीचा घास हातातच राहिला. कतीफच्या जुन्या वस्तीतलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं घर. तळमजल्यावरच्या दोन दालनांमधली भिंत काढून तिथे लोखंडी तुळई घालायला मंजुरी. आणि खाली जबाबदार अभियंता म्हणून नाव, पद्मिनी दत्तात्रय. लग्नानंतरही पासपोर्टवर वडिलांचंच नाव राहून गेलं होतं. आज ते तिथे वाचून तिला वाटलं, राहून गेलं ते बरंच झालं.

या आखाती देशात आल्यापासून तिने ढिगाने नकाशे काढले होते. पण काढणारा हात तिचा आणि सही करणारा दुसऱ्याचा, असंच चालत आलं होतं. नोंदणीच्या परीक्षा, कागदपत्रं, शिक्के यांतून पार पडून यंदा तिला स्वतःच्या सहीचा अधिकार मिळाला, आणि त्या सहीचा हा पहिला परवाना. तोही असा, की जो येणार नाही असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

सगळ्यांत पुढे होता मुस्तफा. ऑफिसचा मालक, मूळचा कैरोचा, आवाजाने गडगडाट आणि मनाने लोणी. अर्ज करतानाच तो म्हणाला होता, समुद्र मागितलास तर एखाद वेळ देतील, पण त्या घरातली भिंत नाही देणार. आता त्याने स्वतः उठून परवान्याची प्रत काढली, तिच्या टेबलामागे भिंतीवर चिकटवली आणि खालच्या दुकानातून रव्याच्या बसबूसाचा मोठा ट्रे मागवला.

"खलास," तो म्हणाला, "आता या बाईपुढे बोलायची सोय राहिली नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जुन्या वस्तीतल्या घरांना नियम कडक. दर्शनी बाजूला हात लावायचा नाही, छताचा भार घेणारी भिंत हलवायची नाही, नुसता गिलावा खरवडायचा तरी आधी विचारायचं. तिचा पहिला अर्ज आला तसाच परत गेला होता. मग तिने घराचा दगडन् दगड तपासला. समुद्रातून काढलेला सच्छिद्र प्रवाळी दगड, वर खजुराच्या खोडांच्या तुळया, त्यांवर चटई आणि माती. छत आधी टेकूंवर कसं पेलायचं, भिंत तुकड्यातुकड्याने कशी काढायची, लोखंड कुठून आत न्यायचं, सगळं गणित मांडून तिने दुसरा अर्ज केला. समिती पाहणीला आली तेव्हा डोक्यावर हेल्मेट चढवून धुळीत उभी राहून तिने आपल्या साइटवरच्या मोडक्यातोडक्या अरबीत सगळं समजावून दिलं. समितीतल्या एका वयस्कर माणसाने विचारलं, शंभर वर्षं उभी आहे ती भिंत, तिने तुमचं काय घोडं मारलंय? त्यावर पद्मिनीने गणित बाजूला ठेवलं. ती म्हणाली, भिंतीपलीकडे बसणाऱ्या बायकांना कथा सांगणारी दिसत नाही. कथा ऐकायला आलेल्या माणसाला सांगणाऱ्याचं तोंड दिसू नये, याहून मोठं दुःख कुठलं?

परवाना मिळाला तो त्या उत्तराने, असं पद्मिनी मनात धरून होती, आणि त्या उत्तराचा तिला परवान्याहून जास्त अभिमान होता.

कारण ते उत्तर तिच्या रक्तातलं होतं. तिचे वडील दत्तात्रयबुवा कोकणातले कीर्तनकार. देवाने माणसाला कान दिले ते दुसऱ्या कशासाठी नसतीलही, पण कीर्तनासाठी नक्की दिले, असं ते म्हणत. बुवा उभे राहिले, कमरेचं उपरणं सावरून पहिला आलाप घेतला, की समोरची चारशे माणसं एका माणसासारखी पुढे सरकत. आख्यान रंगात आलं की बुवांचा हात, भुवई, पायातली थिरक, सगळं बोलायचं. खांबाआड बसलेला माणूस अर्धं कीर्तन गमावतो, हे पद्मिनीला पाटी-पेन्सिलीच्या वयापासून ठाऊक होतं. अजूनही शुक्रवारी सकाळी ती दम्मामच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून हळू आवाजात एखादं कीर्तन लावी, आणि उत्तररंगाला डोळे टिपत भाजी निवडी.

म्हणून घराचा मालक हम्माद पहिल्यांदा ऑफिसात आला तेव्हा तिला फार सांगावं लागलंच नाही. हम्माद म्हणजे रास तनुराच्या रिफायनरीत उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेला, धिप्पाड, बोलका माणूस. त्याने सांगितलं की आपली आई हाजरा मुल्लाया आहे. बायकांच्या मजलिसीत, म्हणजे शोकसभेत, करबलाच्या हौतात्म्याची कथा गाऊन सांगते, तिच्या आधी तिची सासू सांगायची, आणि तेव्हापासून ही मजलिस याच घरात भरते. घर जुनं, दोन दालनं, मधे जाड भिंत. अर्ध्या बायका अलीकडे, अर्ध्या पलीकडे. आई थकत चाललीय. तिच्या डोळ्यांदेखत तिला एक मोठं, सलग दालन बांधून द्यायचंय, तिच्या मानाला शोभेल असं.

"म्हणजे तुमची आई कीर्तनकार आहे," पद्मिनी मराठीतच बोलून गेली, आणि मग तिला कीर्तन म्हणजे काय ते हिंदी-अरबीची खिचडी करून सांगावं लागलं. हम्मादने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मग हे काम दुसऱ्या कोणाला द्यायचा प्रश्नच नाही.

तिने नकाशा काढला तो नकाशा नव्हताच, सभामंडप होता. टोकाच्या भिंतीशी बुटका चौथरा, तिथे मुल्लाया उभी, समोर सगळ्या बायका तिच्याकडे तोंड करून, मधे खांब नाही, भिंत नाही, काही नाही. हम्मादला तो इतका आवडला की घरी कॉफीला येईल त्याला तो फोनवर दाखवत सुटला. गल्लीतल्या न्हाव्यापासून मशिदीतल्या मंडळींपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं, की हम्माद आईसाठी मोठं दालन बांधतोय आणि भारतातून आलेली एक मुहंदिसा, म्हणजे इंजिनिअरबाई, ते करून देतेय.

हाजरा मात्र फार बोलली नव्हती. चिमणीएवढी बाई, काळ्या अबायातून फक्त चेहरा आणि हात दिसायचे, आवाज पातळ, डोळे मात्र लखलखीत. पद्मिनी मोजमापं घ्यायला गेली की ती खजूर आणि वेलचीची कॉफी पुढे ठेवी आणि घराच्या गोष्टी सांगे. तिच्या आजेसासऱ्यांनी मोत्यांच्या व्यापारावर हे घर उभं केलं तेव्हा परवाने देणारं कोण होतं? परवाना शेजाऱ्यांचा. पाया घालण्याआधी आजूबाजूच्यांना बोलवायचं, कॉफी पाजायची. गवंडी जमिनीवर चुन्याने रेघा मारून दाखवायचा, मग शिडी लावून जिथे खिडकी यायची तिथवर चढायचा. तिथून शेजारणीचं अंगण दिसलं तर खिडकी वर सरकायची. सगळ्यांच्या माना हलल्या की परवाना झाला. पद्मिनीला ही गोष्ट इतकी आवडली की तिने ती ऑफिसात दोनदा सांगितली. आणि नकाशा दाखवला तेव्हा हाजराने तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला, माशाल्लाह म्हणाली, आणि कॉफी अजून देऊ का असं विचारलं. पद्मिनीने त्याला होकार समजला.

रविवारी काम सुरू व्हायचं होतं. त्याआधीच्या गुरुवारी, सूर्यास्ताच्या मगरिबच्या नमाजानंतर, जुन्या रूपातली शेवटची मजलिस होती आणि हाजराने पद्मिनीला बोलावलं.

पद्मिनी हौसेने गेली. डोक्यावरून नीट स्कार्फ घेऊन, हातात बदामांचा डबा घेऊन, माहेरच्या देवळात जावं तशी. इतके महिने तिने ते घर रिकामं पाहिलं होतं. भरलेलं आज पहिल्यांदा. बाहेरच्या दालनात गालिच्यांवर बायका दाटीने बसल्या होत्या, कडेवर पोरं, मधे टिश्यूचे डबे, कॉफीचे पेले फिरतायत, एकमेकींच्या चौकश्या चालल्यायत. तिला पुढे जागा करून दिली. ती टोकाच्या भिंतीकडे तोंड करून बसली, जिथे तिच्या नकाशात चौथरा होता. शेजारच्या बाईने हसून तिच्या खांद्याला धरून तिला वळवलं.

हाजरा टोकाला नव्हती. ती मधल्या भिंतीतल्या दारात बसली होती. उंबऱ्यावर एक बुटकं स्टूल, त्यावर ती चिमणी बाई, एक खांदा या दालनाकडे, एक त्या. तिचं तोंड ना इकडे ना तिकडे. आणि तिच्याकडे बघतही कोणी नव्हतं. बायकांनी माना खाली घातल्या होत्या, काहींनी अबायाचं टोक चेहऱ्यावरून ओढून घेतलं होतं.

तिने सुरुवात केली. अर्थ पद्मिनीला जेमतेम कळत होता; तहान, नदी, तंबू, एक मूल. पण चाल कळत होती. आधी साधं बोलणं, मग बोलण्यातच सूर, मग सूर वाढत वाढत एका ओळीवर येऊन थांबणं. बुवांचं हेच तर होतं. ती ओळ आली की बाहेरच्या दालनाने ती उचलली, आणि पद्मिनीला वाटलं आता हाजरा पुढे जाईल. ती गेली नाही. ती थांबली. मग भिंतीपलीकडून, आतल्या दालनातून, तीच ओळ परत आली. खालच्या पट्टीत, ओली, जड. जणू बाहेरच्यांनी विचारलं आणि आतल्यांनी सांगितलं.

हाजराचा आवाज पद्मिनीला साइटवर समोरासमोर बसूनही पुरता ऐकू येत नसे. आता दाराच्या जाड कमानीत बसून तीच बाई दोन्ही दालनं भरून टाकत होती.

मधेच एक तरुण मुलगी आली. कोणाला सलाम नाही, कोणाकडे पाहणं नाही. ती बायकांतून वाट काढत सरळ दाराकडे गेली, हाजराच्या गुडघ्याला हात लावून आतल्या दालनात शिरली. एकही मान वळली नाही. थोड्या वेळाने आतून एक हुंदका फुटला, मग दुसरा, आणि मग कोणी तरी मोकळं, पोटातून, लाज सोडून रडू लागलं. बाहेरच्या बायकांनी आपली ओळ जरा वरच्या आवाजात धरली, त्या रडण्यावर पांघरूण घालावं तशी.

सगळ्या गेल्यावर पद्मिनी स्वयंपाकघरात पेले विसळायला गेली. हाजरा ओट्याशी बसून हाताचे तळवे चोळत होती. पद्मिनीने विचारलं, आत कोण बसतं?

हाजराने सांगितलं तेही पेले पुसता पुसता, फार काही सांगतेय असं न दाखवता. ज्या घरात त्या वर्षी माती झाली, त्या घरची बाई आत बसते. या घराची रीत आहे, सासूच्या काळापासूनची. घरी तिला रडता येत नाही. मुलं असतात, सासरा असतो, येणारेजाणारे असतात, धीर धर म्हणणारे असतात. इथे ती करबलासाठी रडते आणि आपल्यासाठीही. आत दिवा लावत नाही. आत कोण गेलं ते बाहेरची बघत नाही, आणि आतली आतलीकडे बघत नाही. वर्ष सरलं की बाई आपली आपण एक दिवस बाहेर येऊन बसते, आणि मग तिला कॉफी देतात.

पद्मिनीने विसळलेला पेला उपडा ठेवला. समितीला दिलेलं ते उत्तर आता तिच्या कानात उलटं वाजत होतं. तिने बुवांचं कीर्तन आणून या घरात बसवलं होतं, आणि या घरातलं कीर्तन कसं बसतं ते एकदाही पाहिलं नव्हतं.

"उम्म हम्माद, तुम्ही मला सांगितलं का नाही?" हम्मादची आई, याच नावाने सगळी गल्ली तिला हाक मारी.

"तू विचारलंस भिंत किती जाड, छत कुठे गळतं," हाजरा म्हणाली. "कोण कुठे बसतं, ते नाही विचारलंस."

"मग हम्मादला तरी सांगायचं."

हाजरा हसली. "मजलिस असते तेव्हा बाप्ये दालनात येत नाहीत. त्याला कसं ठाऊक असणार? तो सगळ्या गल्लीला सांगत फिरतोय की मी आईसाठी बांधतोय. लेकाने हौसेने आणलेलं वस्त्र आई मापात नाही म्हणून परत करते का, पोरी? घालते आणि हसते. तूही त्याला काही सांगू नकोस. मला शब्द दे."

पद्मिनीने शब्द दिला. दिला आणि गाडीत बसल्यावर कळलं की आपण आपलेच हात बांधून घेतलेत.

घरी तिने जेवताना सगळं सांगितलं. नवरा उल्हास सरकारी इस्पितळात डॉक्टर. रडणारी माणसं त्याच्या रोजच्या व्यवहारातली. तो म्हणाला की आमच्याकडे सगळं आहे, यंत्रं आहेत, खाटा आहेत, पण नातेवाइकांनी रडायचं कुठे याला खोली नाही. लोक जिन्यात जाऊन रडतात. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या गवंड्याने खोली ठेवली, आणि तू तुळई घालतेयस.

"बट मम्मा, इट्स युवर फर्स्ट वन," मुलगी स्वानंदी म्हणाली. "तुझं नाव आहे त्याच्यावर."

तेच तर होतं. पद्मिनीला झोपेपर्यंत तेच दिसत राहिलं. काही न करणं किती सोपं होतं. रविवारी टेकू लागतील, भिंत उतरेल, हम्माद गल्लीला पेढे वाटेल, हाजरा हसेल, आणि परवाना ऑफिसच्या भिंतीवर राहील. आत बसणाऱ्या बायका तक्रार करायला येणार नव्हत्या. त्या कुठे बसतात हे कोणी बघतच नव्हतं. आणि तिने परवाना सोडला तरी हम्माद दुसरा इंजिनिअर आणून त्याच्या सहीने तेच काम करून घेऊ शकत होता. भिंत वाचवायची तर ते हम्मादच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि त्याला सांगायची तर तिला बंदी.

सकाळी दिवाणखान्यात बसून तिने चहाआधी देवाला हात जोडले तेव्हा तिला बुवांची एक सवय आठवली. कुठल्याही नव्या देवळात गेले की बुवा आधी अंगरखा नाही घालायचे, फेटा नाही बांधायचे. आधी पद्मिनीला सांगायचे, जा, शेवटच्या ओळीत जाऊन बस. मग मंडपाच्या पुढून साध्या आवाजात एक ओळ म्हणायचे. ऐकू आली की तिने हात वर करायचा. नाही आली तर बुवा आपली जागा बदलायचे. देवळाला कधी दोष द्यायचे नाहीत. कीर्तन शेवटच्या ओळीसाठी असतं, पुढच्यांना काय, ते आलेलेच असतात, हे त्यांचं म्हणणं.

तिने हम्मादला फोन केला. काम सुरू होण्याआधी आवाजाची चाचणी करायची राहिलीय, म्हणाली. उम्म हम्माद कुठून बोलतात आणि कुठवर ऐकू येतं ते आत्ता तपासायला हवं. यात काही खोटं नव्हतं. ही चाचणी तिने पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

शनिवारी सकाळी ती कतीफला गेली. हम्माद फोन आणि टेप घेऊन तयारच होता. तिने हाजराला तिच्या दारातल्या स्टुलावर बसवलं, स्वतः बाहेरच्या दालनात बसली, आणि हम्मादला म्हणाली की तुम्ही आत जा, अगदी मागच्या भिंतीला टेकून बसा, दिवा लावू नका, आणि आवाज पोचतो का बघा.

हाजराने पद्मिनीकडे पाहिलं. त्या लखलखीत डोळ्यांना सगळं कळलं होतं. पद्मिनीने नजर खाली वळवली. शब्द मोडला नव्हता. तिने काही सांगितलंच नव्हतं.

हाजराने स्टूल उंबऱ्यावर नीट सरकवून घेतलं. मग तिने सुरू केलं. काही तरी लहानसं म्हणेल असं पद्मिनीला वाटलं होतं, पण तिने धरली ती आईची कहाणी, लेकाला निरोप देणाऱ्या आईची. साधं बोलणं, बोलण्यात सूर, सूर चढत चढत एका ओळीवर येऊन थांबला. पद्मिनीने ती ओळ उचलली. शब्द चुकले असतील, चाल चुकली नाही. ती बुवांची मुलगी होती. हाजरा थांबली. दोघी थांबल्या.

आतून काही आलं नाही.

हाजराने ओळ पुन्हा म्हटली. पद्मिनीने पुन्हा उचलली. आणि मग आतून, अंधारातून, एका धिप्पाड माणसाच्या फुटक्या आवाजात ती ओळ परत आली, अर्धीच. उरलेली अर्धी हुंदक्यात गेली. चार वर्षांचा असताना आईच्या मांडीवर बसून ऐकलेली असणार. पुढे पुरुषांच्या मजलिसीत जाऊ लागल्यावर त्याने आईचा सूर ऐकलाच नव्हता. आणि वडील गेले तेव्हाही तो मोठा मुलगा होता. दारात उभा राहून लोकांना कॉफी देत होता, धीर धरून.

हाजरा पुढे गात राहिली. तिने मान वळवली नाही. पद्मिनीनेही नाही. आतलं रडणं चालू होतं तोवर त्या दोघी ओळ धरून राहिल्या.

बऱ्याच वेळाने हम्माद बाहेर आला. त्याचं तोंड धुतलेलं होतं. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, जसा माणूस उंटाच्या मानेवर ठेवतो.

"इथे बायका येऊन बसतात," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

"बसतात," हाजरा म्हणाली.

"तुम्हीही बसला होतात? बाबा गेले तेव्हा?"

"वर्षभर. तेव्हा माझी नणंद दारात बसायची."

हम्मादने टेप गुंडाळून खिशात ठेवला. मग घसा खाकरून, ऑर्डर सोडायच्या जुन्या रिफायनरीतल्या आवाजात म्हणाला, "मुहंदिसा, मिळालेला परवाना परत करता येतो का?"

पद्मिनीला वाटलं होतं की हे ऐकताना आपल्याला त्या पहिल्या सहीची हळहळ वाटेल. तसं झालं नाही. उलट बुवांनी कीर्तन संपवून वीणा खाली ठेवावी तसं काहीसं शांत वाटलं.

"येतो," ती म्हणाली. "मी करते."

मुस्तफाने आधी कपाळाला हात लावला, मग दोन्ही हात आकाशाकडे केले, मग खुर्चीत बसून सगळं ऐकून घेतलं. परवाना मागे घेऊन नुसत्या दुरुस्तीचा नवा अर्ज करायचा, म्हणजे छत, गिलावा, वयस्कर बायकांसाठी दाराशी उतार आणि एक न्हाणीघर. एवढ्याशा कामाला जबाबदार अभियंत्याचं नाव लागत नाही, अर्जावर फक्त ऑफिसचं नाव जातं, हे त्याने तिला आठवण करून दिलं. माहीत आहे, ती म्हणाली. पण भिंतीवरची प्रत काढायला ती उठली तेव्हा त्याने तिला काढू दिली नाही.

पोर्टलवर अर्ज भरताना एक रकाना होता, परवाना मागे घेण्याचं कारण. तिथे सगळे लिहितात निधी नाही, मालकाचा विचार बदलला, वारसांचा वाद. पद्मिनीने अरबी शब्द जुळवून जुळवून लिहिलं, भिंत वापरात आहे.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतून फोन आला. पाहणीला आलेला तोच वयस्कर माणूस. इतक्या वर्षांत लोक जास्त तोडायची परवानगी मागायला येतात, मिळालेली परत द्यायला कोणी आलं नाही, तो म्हणाला. आणि भिंत वापरात आहे म्हणजे काय? त्या दिवशी तर तुम्ही तिच्याविरुद्ध भाषण केलंत. पद्मिनी म्हणाली की त्या दिवशी मी घर रिकामं असताना पाहिलं होतं. मग तो म्हणाला की त्याची आई त्या गल्लीतलीच होती. अधिक काही न बोलता त्याने फोन ठेवला, आणि दुरुस्तीची मंजुरी त्याच आठवड्यात आली.

काम पद्मिनीने जातीने करून घेतलं. छताच्या कुजलेल्या तुळया बदलल्या, भिंतीच्या पायथ्याची ओल काढली, प्रवाळी दगडांच्या सांध्यांत जुन्या पद्धतीचाच गिलावा भरला, सिमेंटला हात लावू दिला नाही. उंबरा हाजराच्या स्टुलाच्या मापाने नीट सपाट करून दिला. आतल्या दालनात विजेचं बटण बसवायला आलेल्या माणसाला तिने हात जोडून परत पाठवलं.

घर तयार झालं त्या दिवशी सकाळी हम्मादने गल्लीला कॉफीला बोलावलं. बायकांची मजलिस संध्याकाळी. आत्ता घर पुरुषांना बघायला मोकळं होतं. पद्मिनी उल्हास आणि स्वानंदीबरोबर दाराशी उभी होती. हम्माद पाहुण्यांचे जथेच्या जथे आत आणत होता. पूर्वी फोनवर नकाशा दाखवताना त्याची छाती जशी फुगायची, त्याहून जास्त आता फुगली होती. नवं छत तो कोणाला दाखवत नव्हता, न्हाणीघर तर नाहीच. प्रत्येकाला तो सरळ मधल्या भिंतीपाशी नेत होता.

"ही बघा," तो सांगत होता. "पाडायचा परवाना होता आमच्याकडे. छापील. मुहंदिसाने समितीशी भांडून आणलेला. कतीफमध्ये दुसऱ्या कोणाला मिळाला नसता. आणि आम्ही पाडली नाही."

एका म्हाताऱ्याने काठीने भिंत ठोठावून विचारलं, अजून किती टिकेल?

"अजून शंभर वर्षं," हम्माद म्हणाला, आणि पद्मिनीकडे बोट दाखवलं. "तिने शब्द दिलाय."

तिने असा कुठलाही शब्द दिलेला नव्हता. इंजिनिअर म्हणून तिने तिथल्या तिथे त्याचं बोलणं दुरुस्त करायला हवं होतं. ओलीचा प्रश्न आहे, खाऱ्या हवेचा आहे, दर काही वर्षांनी तपासणी लागेल. सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती. उल्हास गालातल्या गालात हसत होता.

पद्मिनीने पदर सावरावा तसा स्कार्फ सावरला, म्हाताऱ्याकडे पाहून मान डोलावली, आणि म्हणाली, "इन्शाल्ला."